लाडवांनंतरची कॉफी

कोल्हापूर, २४ जानेवारी

पूर्णिमा,

शेवटी मी कॉफीचं मशीन स्प्रिंगवालं घेतलं नाही. तू म्हणालेलीस की नवीन माणसानं स्प्रिंगचंच मशीन घ्यावं, दांडा ओढून सोडला की पुढचा जोर स्प्रिंग लावते, प्रत्येक कप सारखा येतो. बरोबर आहे तुझं. पण मला सारखा नकोय. मला साध्या दांड्याचं पाहिजे होतं, माझ्या हातात जेवढा जोर तेवढाच कॉफीवर पडणार. बिघडली तर मी बिघडवली, जमली तर मी जमवली. विजेवरच्या मशीनचा तर विषयच सोडून दिला. दिवाळीत तू आमच्याकडं आलेलीस तेव्हा जेवताना दोनदा लाइट गेलेली, आठवतंय ना? पप्पांनी बॅटरी तुझ्या ताटावर धरलेली आणि तू म्हणालीस, काका, मासा नाहीय, काटा नाही लागणार.

तर ते मशीन आलं. काळं आहे, जड आहे, आणि दांडा खाली केला की वाकून नमस्कार केल्यासारखं दिसतं. मला फार आवडलंय.

हे पत्र बघून दचकली असशील. काय करू? माझा मेसेज एका टिकवर अडकलाय, फोन लावला की लगेच कट होतो. म्हणजे तू आमचं अख्खं घर ब्लॉक केलंयस. दादाला कर की. मी काय केलं? पत्ता मिळाला तो दिवाळीनंतर तुला चिवडा पाठवलेला त्या कुरिअरच्या पावतीवरनं. ऑफिसमधनं पोस्ट करतेय, उत्तर पण तिथंच पाठव. घरी माहीत नाही. आई म्हणते संबंध संपला म्हणजे संपला.

मला ते पटत नाहीय. तुला बेंगळुरूची नोकरी सोडायची नव्हती, दादा आधी हो म्हणाला, साखरपुडा झाल्यावर नाही म्हणाला, आणि तू मोडलंस. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं. हे मी सगळ्यांसमोर बोलले पण, मग मला कोथिंबीर निवडायला आत पाठवलं. पण पूर्णिमा, मोडलं ते दादाचं. माझं कुठं मोडलंय? दोन महिने रोज आपण बोलत होतो, त्यातलं दादाबद्दल किती होतं, तूच सांग. बाकी सगळी कॉफीच होती.

अजून एक. तुमच्या वस्तू परत पाठवल्या तेव्हा आईनं स्वतः बांधाबांध केली. साड्या, चांदीचं निरांजन, तुझ्या आईचा स्टीलचा डबा. तू मला वापरून बघायला दिलेला, कॉफी दळायचा हातानं फिरवायचा ग्राइंडर पण त्या पिशवीत गेलेला. तो आता माझ्या कपाटात आहे. पिशवीतनं कपाटात कसा आला ते विचारू नको.

नंदिनी


१ फेब्रुवारी

पूर्णिमा,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. मी नुसतं कॉफीचं सांगते, त्यात भांडायसारखं काही नाही.

खोलीची कडी लावायची, ग्राइंडर गुडघ्यात धरायचा आणि फिरवायचा. पूड डबीत घालून स्वयंपाकघरात आणायची, म्हणजे आईला वाटतं विकतची आहे. मग ती मशीनच्या जाळीच्या बास्केटमध्ये भरून वरनं सपाट दाबायची, त्याच्यावर उकळतं पाणी, आणि दांडा खाली. ऐकायला केवढं सोपं! पहिल्यांदा दांडा असा सटकन खाली गेला की आत काही नव्हतंच जणू. कपात आलं ते गढूळ पाणी. आणि आंबट. नुसतं आंबट नाही, दात शिवशिवतात तसलं.

तो कप पप्पांना दिला, कारण पप्पा कशालाच नाही म्हणत नाहीत. ते आत्ताच गोठ्यातनं आलेले. कपात वाकून बघितलं आणि म्हणाले, "नंदे, हे डोळ्यात घालायचं का प्यायचं?"

"प्यायचं पप्पा. एस्प्रेसो एवढीच असते."

"एवढीच? कोण पावणा आला आणि त्याला एवढीच दिली तर परत येईल व्हय तो?"

मग त्यांनी आपल्या म्हशीचं साईसकट दूध त्यात ओतलं, साखर घातली, बशीत घेऊन फुरक्या मारल्या आणि मला म्हणाले, "झ्याक झालीय की." काय झ्याक झालंय? दूध!

आई लांबनं बघत होती. तिचं म्हणणं वेगळंच. "विकतची पूड कशाला आणतीस? बिया आण. मी तिखट कुटायला डंकावर जाणारच हाय, तिथं कुटून आणतो की." मी हात जोडले. मिरचीच्या पाठोपाठ कॉफी त्या उखळात गेली तर कोल्हापुरी एस्प्रेसोच होईल.

पूर्णिमा, आंबट का येते? दांडा एवढा पटकन का पडतो? दुसऱ्या कुणाला विचारू इथं? इंटरनेटवर सगळे जण आपापलं मशीन विकत बसलेत. 

नंदिनी


१२ फेब्रुवारी

पूर्णिमा!

एक ओळ? पोस्टकार्डावर अख्खी एकच ओळ? "अजून बारीक दळ." नाव नाही, गाव नाही. ऑफिसात पोस्टमननं दिलं तेव्हा आमच्या सरांनी वाचलं आणि मला विचारलं की घरी पिठाची गिरणी टाकलीय काय. मी एवढी हसले की डोळ्यात पाणी आलं. थँक्यू. खरंच थँक्यू.

तर मी बारीक दळलं. तू म्हणालीस म्हणजे अजून थोडं बारीक, आणि मग आपण आहोतच कोल्हापूरकर म्हणून अजून थोडं. झाली पिठी. पाणी ओतलं, दांडा धरला, हलेच ना. मी दोन्ही हातांनी लटकले. तेवढ्यात दादा तालमीतनं आला.

"सरक. तुला जोर हाय व्हय?"

"दादा, जोराचं काम नाहीय ते."

"दांडा हाय म्हणजे जोराचंच काम."

त्यानं सगळं अंग त्यावर टाकलं. एक सेकंद काही नाही. मग बाजूनं फसकन कॉफी उडाली ती कॅलेंडरवर, फ्रीजवर आणि त्याच्या पांढऱ्या बनियनवर. कॅलेंडरवरचा अख्खा फेब्रुवारी तपकिरी झालाय. पप्पा म्हणाले, "पैलवान, मशीननं तुला चीतपट केला." दादा पण हसला. तुमचं मोडल्यापासनं पहिल्यांदा हसला. हे तुला सांगू का नको असं वाटत होतं, सांगितलं.

आता कार्ड पाठवायइतका राग कमी झाला असेल तर लाडवांचं ऐक. तुला ब्लॉक करावंसं वाटलं ते त्या लाडवांमुळं, हे मला माहितीय.

त्या दिवशी आईनं तुमची सगळी पिशवी भरली. शेवटी तुझ्या आईचा डबा राहिला, दिवाळीत करंज्या आलेल्या तो. तिनं तो घासला, पुसला, झाकण लावलं, झाकण काढलं. मग म्हणाली, "रिकामा डबा कसा पाठवायचा गं?" मी म्हटलं, आई, लग्न मोडलंय, शेजारणीची आमटीची वाटी परत करत नाहीयोत आपण. तर म्हणते, "मोडलं म्हणून काय झालं? भांडं रिकामं जायचं न्हाई आपल्या घरातनं." आणि रवा भाजायला घेतला. भाजताना रडत होती. तू सून म्हणून येणार नाहीस याचं रडत होती, पूर्णिमा, आणि हात आपला कलथा फिरवतोय.

तो डबा कागलला तुमच्या घरी पोचला आणि संध्याकाळी तुझ्या मामांचा फोन आला. पप्पांनी स्पीकरवर टाकलेला. "लग्न मोडल्याचं लाडू वाटताय व्हय?" पप्पांना कळेच ना कुठले लाडू. आईला कळलं. ती खाली बसली ती बसलीच.

तेव्हापासनं ती कुणाकडं काही पाठवत नाही. शेजारच्या शालूबाईंची वाटी आमच्या ओट्यावर अजून पडून आहे. भरून द्यायची भीती वाटते, रिकामी द्यायला हात होत नाही. शालूबाई रोज विचारतात, "वाटी आटली व्हय ओ तुमच्यात?"

एवढंच. त्यात दुसरं काही नव्हतं. तू माझ्यावर विश्वास ठेवतेस ना?

नंदिनी


२३ फेब्रुवारी

पूर्णिमा,

आज जमली!

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "इतकं बारीक पण नाही. आधी हलका दाब, खाली पहिला थेंब दिसला की मग जोर. आणि मशीन आधी गरम पाण्यानं तापव, थंड लोखंडात कॉफी आंबट होते. पूर्णिमा." किती ओळी झाल्या बघ! आणि खाली नाव. लाडवांचं काहीच नाही लिहिलंस, पण तू ते वाचलंस असं मी समजते.

सकाळी घरात कुणी नव्हतं. पप्पा दूध घालायला गेलेले, आई भाजीला, दादा तालमीत. आधी मशीनमधनं नुसतं उकळतं पाणी काढलं. मग पूड, ना पिठी ना रवा, दोघांच्या मधली. दांडा हळू खाली आणला आणि थांबले. थांबणं हेच अवघड होतं, हात म्हणतोय दाब दाब. मग बास्केटच्या खाली एक काळा ठिपका आला, मग दुसरा, आणि मी जोर दिला. दांडा आता पडत पण नव्हता आणि अडत पण नव्हता. आपल्याला कुणी हात धरून जिन्यावरनं उतरवावं ना, तसा उतरला. धार उंदराच्या शेपटीएवढी, आधी काळी, मग काकवीच्या रंगाची. वर तो तांबूस फेस.

उभ्या उभ्या प्यायले, ओट्याला टेकून. कडू होती पण घशाला लागत नव्हती, आणि मागनं काहीतरी गोड येत होतं, भाजलेल्या शेंगदाण्यासारखं. एका घोटाचा तो आनंद, तो कुणाला सांगावा तर घरात नुसती मांजर. तिला सांगितलं. 

मग वाटलं की हे तू रोज तिकडं पीजीच्या खोलीत करतेस, आणि मला ते आत्ता कळलं. याच्यासाठी नोकरी सोडायची नसते असं नाही म्हणत मी. पण स्वतःच्या हातानं, स्वतःच्या जोरानं एक गोष्ट रोज बरोबर करता येणं, ते कुणी सोड म्हटलं तर कसं सोडणार?

दादाला पण एक करून दिली नंतर. चूपचाप प्याला. कप विसळून ठेवला. आमच्या घरात दादानं कप विसळला, हे मी तारीख घालून लिहून ठेवतेय.

नंदिनी


८ मार्च

पूर्णिमा,

तू मला आधी सांगायचंस ना! निदान कार्डावर तरी, "आण्णा येतायत" एवढं. काल दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर तुझे वडील स्वतः, आणि मागं तेच फोनवाले मामा.

तुझ्याकडं राहिलेली अंगठी द्यायला आलेले. सोफ्याच्या कडेला बसले, उठायच्या तयारीत. आण्णांनी डबी टीपॉयवर ठेवली. "तेवढी राहिली हुती. बघून घ्या."

"बघायचं काय त्यात," पप्पा म्हणाले.

दादा आपल्या पायाचा अंगठा बघत होता.

मी आत गेले तर आई गॅससमोर रिकामं पातेलं धरून उभी. "काय देऊ गं यांना?" एकदम बारीक आवाजात. "चहा गोड केला तर म्हणतील तोंड गोड करताय. साखर कमी घातली तर म्हणतील साखर पण घालवंना. पोहे केलं तर पोरगी बघायचा कार्यक्रम. आणि कायच न्हाई दिलं तर घरातनं पावणं तसंच गेलं." मग तिची नजर मशीनवर गेली.

"नंदे, तुझं ते कडू कर. त्यातनं कोण काय अर्थ काढणार न्हाई."

मी आईला मिठीच मारणार होते. पण पूड संपलेली! ग्राइंडर कपाटात, कपाट माझ्या खोलीत, आणि खोलीत जायचं तर हॉलमधनं. खोली हॉलला लागूनच, तिथं दळलं तर सगळ्यांना ऐकू जाणार, म्हणून ओढणीत गुंडाळून आणला. स्वयंपाकघराला दार नाहीय आमच्या, तुला माहितीय. आईकडं पाठ करून फिरवायला लागले, कर्रकर्र कर्रकर्र. मामा म्हणाले, "आत काय चाललंय ओ? सुपारी फोडताय?" आणि आण्णा उठून आलेच बघायला.

आधी माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं.

"हे आमच्या पुनीचं न्हवं?"

मी आईकडं बघितलं. आई माझ्याकडं. तिनं स्वतःच्या हातानं तो पिशवीत घातलेला. माझ्या तोंडातनं एवढंच निघालं, "व्हय काका."

"सांगत हुती पुनी," आण्णा म्हणाले. "तुमची पोरगी पत्रं लिहिती म्हणून. वाचून दाखवलं की आमाला एकदोन. फोनवरनं."

पूर्णिमा! तू वाचून दाखवलीस? कुठली? बनियनवाली?

पप्पा आईकडं बघतायत, आई माझ्याकडं बघतेय, मला वाटलं आता ग्राइंडर घेऊन जातील, आणि सगळंच जाईल. आण्णा म्हणाले, "मग थांबलीस कशाला? दळ की."

दळलं. पहिला कप झाला, मस्त झाला, आण्णांना नेऊन दिला. त्यांनी टीपॉयवर ठेवला.

"काका, गरम आहे तोवर घ्या. ही गार झाली की संपली."

"असं कसं? सगळ्यांचं येऊ दे. ह्यांच्याफुडं मी एकटा पिऊ व्हय?"

आता सांग. तू म्हणतेस एस्प्रेसो निघाली की लगेच प्यायची, आणि कागलचा पावणा म्हणतो सगळ्यांचे कप आल्याशिवाय तोंडाला लावणार नाही. आणि मशीन एका वेळी एकच देतं! प्रत्येक वेळी बास्केट धुवायचं, पूड दळायची, पाणी उकळायचं. माणसं चार. तेवढा वेळ गप्प कसं बसणार? आधी पप्पांनी कारखान्याचं गाळप विचारलं. मग आण्णांनी म्हशी विचारल्या. मग कुठली म्हैस कुणाकडनं घेतली, त्यात तुमच्या गल्लीतला एक जण निघाला, त्यानं पप्पांना फसवलेलं निघालं, त्यानं आण्णांना पण फसवलेलं निघालं. दोघं मिळून त्याला शिव्या द्यायला लागले. मी आत दांडा धरून ऐकतेय.

तिसऱ्या कपाला मामा आत आले. "मला बघू दे."

"मामा, जोर नाही लावायचा. आधी हळू. थेंब दिसला की मग."

"व्हय, कळलं." आणि पूर्णिमा, त्यांनी असा हळू आणला दांडा, असा थांबवला, की मी बघतच बसले. दादाचं तोंड बघायला पाहिजे होतंस. 

चौघांनी मिळून गार झालेली एस्प्रेसो प्याली. मामांनी डोळे मिटले. "कडू हाय की ओ. जहर हाय." आण्णा म्हणाले, "पुनी करती तसलीच झालीय." ते कौतुक होतं का तक्रार, मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा आई बाहेर आली. पदर घट्ट धरलेला. "आण्णा, त्या लाडवाचं. डबा रिकामा लावून द्यायला हात धजला न्हाई ओ. दुसरं कायबी मनात न्हवतं."

आण्णांनी मामांकडं बघितलं. मामा कपात बघत होते, त्यात काही राहिलेलं नसताना.

"वैनी, फोन मीच केलता," ते म्हणाले. "आमची आक्का, पुनीची आई, तवाच म्हणालती, रिकामा डबा कसा धाडतील त्या बिचाऱ्या? मी ऐकलं न्हाई. चुकलं माझं."

पप्पांना राहवलं नाही. "मग लाडू काय केलं?"

"खाल्लं की. टाकतंय कोण?" मामा म्हणाले. "बेदाणं कमी हुतं."

आईच आधी हसली. मग सगळेच. दादा पण.

निघताना आण्णा दारात थांबले आणि मला म्हणाले, "पुनी पाडव्याला येणार हाय. ये घरी." मामांनी चपला घालता घालता विचारलं, "आता कुठल्या नात्यानं यायचं हिनं?" टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते. आण्णा म्हणाले, "त्या दोघी बघतील की."

ते गेल्यावर मला वाटलं आता आई ग्राइंडरवरनं धुणार. तिनं कप गोळा केले, धुतले, आणि शालूबाईंची वाटी घेतली, त्यात शेंगदाणे भरले आणि जाऊन देऊन आली. परत येऊन म्हणाली, "जायचं तर जा कागलला. पण आधी तिला इचार. गल्लीतल्या बायका दारात बसलेल्या असतात. सोयरीक मोडलेल्या घरातली पोरगी कशाला आली म्हणतील, आणि त्यांना तोंड द्यायचं तिला, तुला न्हाई."

मला हे सुचलंच नव्हतं. मी आपली बॅग भरायला निघालेले. आई बरोबर बोलतेय. मी तुझी नणंद नाही, होणार पण नाही. शाळेतली, कॉलेजमधली मैत्रीण पण नाही. मी सकाळच्या गाडीनं येईन, मशीन घेऊन येईन, तुझ्या आईच्या ओट्यावर तुला एक कप करून देईन, गरम, आणि तू एकटीनं सगळ्यांच्या आधी प्यायचीस. मला यायचंच आहे. पण तुमच्या दारातनं आत जाताना कुणी विचारलं, ही कोण गं पुने, तर तू काय सांगशील?

नंदिनी